पेन्शनीत आलेली माणसं

बसरा कुठं आहे हे नकाशात पाहण्याच्या कितीतरी आधी ते गाव मला ठाऊक होतं. दुपारी आजी बियाण्याच्या शेंगा फोडायला बसली की तिची गोष्ट बसऱ्यावर जायची, आणि ती अशा सुरात सांगायची की बसरा रहिमतपूरच्या पलीकडं दोन कोसांवर असावा. तिनं बसरा पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला त्या तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, घरात त्याबद्दल चार वाक्यंही धड सांगितली नव्हती. आजीला गोष्ट मिळाली सासूकडून आणि सासूला मिळाली नवऱ्याच्या झोपेतल्या बडबडण्यातून. आमच्या घरात पहिलं महायुद्ध आलं ते असं, बायकांच्या कानांवरून.

पणजोबा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. ही पलटण आणि तिच्याबरोबर १०३ व ११० नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या डिव्हिजनमधून लढत बगदादच्या रोखानं गेल्या, तिथून मागं रेटल्या गेल्या आणि टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा १४७ दिवसांचा तो वेढा. आजीकडं हा सगळा इतिहास एका वाक्याचा होता. ‘घोडी कापून खाल्ली म्हणं सायबानं. आमच्या मामंजींनी न्हाई खाल्ली, म्हणून पाय गेलं त्येंचं.’ पाय गेले म्हणजे काय झालं ते मला मोठेपणी वाचनातून उमगलं. वेढ्यात भाजीपाला संपला होता. घोड्याचं मांस खायला बऱ्याच हिंदी शिपायांचं मन धजत नव्हतं. त्यामुळं त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजतात, सांधे धरतात, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडतात. पणजोबा जन्मभर उजवा गुडघा न वाकवता जेवायला बसत, ते त्या वेढ्यातलं दुखणं.

२९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांतली बहुतेक हिंदी. त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं आणि रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत आणि कामावर हजारो मेले. पणजोबा जगले. १९१९ साली सातारा रोड स्टेशनावर उतरून ते रात्रीचे चालत घरी आले आणि दार उघडलं ते भावजयीनं. त्यांची बायको आणि पाठीमागं जन्मलेली मुलगी १९१८ च्या मानमोडीत गेली होती. इन्फ्लुएन्झाला आमच्याकडं मानमोडी म्हणत. कैदेतल्या माणसाला हे कोण कळवणार? भावकीनं ते मेलेच असं धरून त्यांच्या वाटणीची जमीन कसायला घेतली होती. ती परत मागण्यासाठी त्यांना स्वतःच्याच चावडीत उभं राहावं लागलं. आजी म्हणायची, ‘तुर्कांनी सोडलं, पर भावांनी सोडंना.’

पुढं दुसरं लग्न झालं. ती दुसरी बायको म्हणजे आजीची सासू. तिच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की नवरा जेवताना भाकरीचा चतकोर कोपरीच्या खिशात सरकवतो. रात्री चाचपून बघतो. सकाळी तो चतकोर गुरांना घालतो आणि संध्याकाळी नवा ठेवतो. घरात कणगी भरलेली असतानाही. तिनं त्यावर एक शब्द काढला नाही. तिनं एवढंच केलं की रोज झोपताना स्वतःच भाकरीचा चतकोर स्वच्छ फडक्यात बांधून त्यांच्या उशाशी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना चोरून घ्यायला नको. पणजोबा वारले तोपर्यंत हे चाललं. फौजेतून परतलेल्या माणसाला आधार द्यायचा म्हणजे काय, याचा विचार करायला बसले की मला ते फडकं आधी आठवतं, योजना मागाहून.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तिथं स्मारक उभारलं, ते आजही आहे. ११७ व्या पलटणीला १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला. मेलेल्यांचा मान राखला गेला, पलटणीचाही राखला गेला. जिवंत परतलेल्यांसाठी काही करावं हे सरकारच्या ध्यानात यायला युद्ध संपावं लागलं. इंडियन सोल्जर्स बोर्ड १९१९ सालचं, आणि त्याच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेली बोर्डं हे आजच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं मूळ. पणजोबा त्या बोर्डाची पायरी कधी चढल्याचं घरात कुणी ऐकलेलं नाही. जमिनीचा तंटा चावडीत सुटला आणि उरलेलं बायकोनं निभावलं.

माझे काकाही पुढं फौजेत गेले. त्यांचे एक मित्र महार रेजिमेंटमधून सुभेदार होऊन निवृत्त झाले. काकांना भेटायला आले की ओसरीवर बसत आणि चहा होईपर्यंत बोलत. पेन्शनीत आलेल्या फौजीची कहाणी सांगायची तर सुभेदार रामजी सकपाळांपासून सांगा, असा त्यांचा आग्रह. तो बरोबरच आहे. रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या धाकट्या मुलाचा, भीमरावाचा, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांचा, जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. १८९४ साली ते निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीला आले. दापोलीत तेव्हा महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. तिथलेच गोपाळबाबा वलंगकर, तेही फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. पुढं १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली, तेव्हा सरसेनापतींकडं अर्ज करायला पुढं झाले तेही वलंगकरच. नोकरी संपलेला शिपाई लेखणी हातात धरून आपल्या माणसांसाठी उभा राहतो, याचं इतकं जुनं आणि इतकं धीराचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दापोलीहून रामजी साताऱ्याला आले. त्यांच्या पत्नी भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. पुढं खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामातून तलाव खोदला जात होता, तिथं रामजींना खजिनदाराची नोकरी लागली. हिशेब आणि शिस्त ही फौजेतली कमाई त्यांना तिथं उपयोगी पडली. पण १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं वडिलांकडं निघाली, मसूर स्टेशनावर उतरली, आणि वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्यामुळं न्यायला कुणी आलं नाही. मुलं कुठल्या जातीची हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. हे सांगताना सुभेदारसाहेबांचा आवाज चढायचा. ‘सुभेदाराची पोरं होती ती,’ ते म्हणायचे. ‘मेडलं घातलेला बाप. पलटणीत सॅल्यूट, आणि मसूरला पाणी नाही.’ कधी ते १ ऑक्टोबर १९४१ ची गोष्ट काढत. त्या दिवशी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. भरती पुन्हा खुली झाली याचा आनंद त्यांच्या वडिलांनी कसा केला ते सांगत. पण ते पुन्हा पुन्हा येत ते मसूर स्टेशनावरच. वर्दी उतरली की माणूस पुन्हा त्याच गावात येतो. ते गाव बदललेलं नसेल तर सरकारनं दिलेलं पेन्शन किती पुरणार, हा त्यांचा प्रश्न. मसूर आमच्याच रेल्वेलाइनवर आहे. तिथून गाडी जाते तेव्हा मी खिडकीबाहेर पाहते.

आजोबा दुसऱ्या महायुद्धातले. सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. दिमापूरहून कोहिमा, इंफाळच्या वाटेवर त्यांनी तीन टनी लॉरी चालवली. हेडलाइट बंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पाठीमागं दारूगोळा. १९४५ मध्ये हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. दोन वर्षांत ती चार लाखांच्या आसपास आणली गेली. म्हणजे वीस लाखांवर माणसं आपापल्या ट्रंका घेऊन गावोगाव परतली, आणि तीही देश फाळणीच्या उंबरठ्यावर उभा असताना. आमच्या भागात मुंबईच्या गिरण्यांत शिरण्याची जुनी वाट होती, तिकडं पुष्कळ जण गेले. उरलेले बांधावर आले, आणि बांध तर आधीच भावांत वाटलेले.

या लोंढ्यासाठी सरकारनं जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं एक महासंचालनालय काढलं. लढाईवरून परतलेल्यांची नावं, त्यांना येणारी कामं, आणि कुठं कसला माणूस हवाय याची नोंद ठेवणारी केंद्रं उघडली. १९४८ पासून ती सर्वांसाठी खुली झाली, आणि तीच पुढची एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक मराठी मुलामुलीनं ज्या खिडकीशी उभं राहून कार्ड काढलं आणि वर्षानुवर्षं नूतनीकरण केलं, ती खिडकी मुळात आमच्या आजोबांसारख्यांसाठी उघडली गेली होती. ही गोष्ट आमच्या शाळेत कुणी सांगितली असती तर त्या लांबलचक रांगेत उभं राहताना मला आजोबांच्या जवळ असल्यासारखं वाटलं असतं.

आजोबांचं भाग्य असं की त्यांना येणारं काम त्याच वेळी राज्याला हवं होतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. गाड्या वाढल्या तसे ड्रायव्हर हवे झाले. परीक्षेला आलेल्या साहेबानं त्यांना खंबाटकीच्या घाटात गाडी चालवायला लावली. तेव्हाच्या गाड्यांना गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, मधे इंजिनाचा आवाज ऐकून नेमक्या क्षणी गियर टाकावा लागे. आवाज ऐकण्याची ही विद्या आजोबा अंधारात, कोहिमाच्या रस्त्यावर शिकले होते. ते साहेबाला म्हणाले, ‘लाइट बंद करून दाखवू का?’ साहेब घाबरून नको म्हणाला आणि नेमणुकीच्या कागदावर सही केली. हा प्रसंग आजोबांनी आयुष्यात हजारदा सांगितला असेल, आणि दर वेळी ताठ बसून. लढाईची गोष्ट मात्र ते सांगत नसत. त्यांना अभिमान होता तो आपल्या हातातलं काम कुणीतरी पारखून घेतलं, याचा. खाकी उतरवून पुन्हा खाकीच घातली, पगार दर महिन्याला आला, डेपोत चार मिलिटरीवाले दोस्त भेटले. घाट चढताना पुढच्या बाकावरचे म्हातारे म्हणत, आज पलटणकरी ड्रायव्हर हाय, झोपा आता.

रात्री मात्र त्यांनाही ओरडत उठायची सवय होती. आजी उठून कंदील मोठा करायची आणि त्यांच्याशी शेताबद्दल बोलत राहायची: कुठल्या वाफ्याला पाणी द्यायचं राहिलं, म्हैस कधी विणार. हळूहळू ते आमच्या शेतात परत यायचे. गावानं देवऋषी सुचवला होता, आजीनं तो नाकारला. तिनं सासूकडून भाकरीच्या फडक्याची गोष्ट ऐकलेली होती. तिला कळलं होतं की ही बाहेरची बाधा नाही. माणूस अजून पुरता घरी पोचलेला नाही, एवढंच. आज मनाच्या या जखमेसाठी डॉक्टर आहेत, औषधं आहेत. तरी आमच्याकडं निवृत्त फौजी दारू जास्त घ्यायला लागला की ‘मिलिटरीची सवय’ म्हणून सोडून देतात. बायका सोसतात. मला याचा राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंच मला वाटतं.

आजोबांच्या ट्रकच्या ताफ्यातल्या एका दोस्ताचा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याला पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला. ते केंद्र १९४४ सालचं, लढाई चालू असतानाच उघडलेलं. अपंग जवानांना हातचं काम शिकवणारी क्वीन मेरी संस्था त्याहून जुनी. ती १९१७ साली मुंबईत निघाली आणि पुढं खडकीला आली. आजोबांचा दोस्त तिथं शिवणकाम शिकला, आमच्या आठवडी बाजारात त्यानं मशीन टाकलं, आणि माझ्या वडिलांच्या शाळेच्या चड्ड्या त्यानंच शिवल्या. खडकी म्हटलं की आज लोकांना मुरलीकांत पेटकर आठवतात, आणि आठवावेतच. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या ईएमई दलातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पूर्वी मुष्टियुद्ध खेळणाऱ्या या माणसानं पोहायला सुरुवात केली आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक आणलं. पुढं पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पदकाची गोष्ट सगळे सांगतात, सिनेमाही आला. मला त्यातली टेल्कोची नोकरी तेवढीच मोलाची वाटते. पदक एका दिवसाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जाण्याचं एक ठिकाण त्यांना होतं.

काकांच्या वाट्याला असं ठिकाण आलं नाही.

काका १९७४ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पलटणीत क्लार्क केलं. बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात त्यांनी कितीतरी वर्षं काढली. कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं, कुणाची बायको वारली, या सगळ्याची नोंद तिथं पार्ट टू ऑर्डरनं होते, आणि जवान गेल्यावर त्याच्या घरच्यांना काय मिळणार ते त्या एका ओळीवर ठरतं. काका म्हणत, शत्रूच्या गोळीपेक्षा चुकीची ओळ जास्त घरं बुडवते. १९९४ मध्ये हवालदार म्हणून ते पेन्शनीत आले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. थोरली मुलगी सहावीत होती. गावात ते उतरले त्या दिवसापासून लोक त्यांना पेन्शनर म्हणायला लागले, आणि देवळाच्या कट्ट्यावर साठी उलटलेल्यांच्या रांगेत त्यांच्यासाठी जागा झाली. भरतीला निघताना याच गावानं हलगी लावून त्यांना वेशीपर्यंत पोचवलं होतं. परत आले तेव्हा एसटीतून ट्रंक उतरवायला कंडक्टरनं हात दिला.

हिशेब करा. तरुण माणूस, वीस वर्षांची शिस्त, कागदपत्रांचं असं ज्ञान की तालुक्यात जोड नाही. आलेल्या एकरकमी पैशातून घराचा स्लॅब पडला आणि तो पडेपर्यंत पैसे संपले. मग नोकरी शोधली. राज्य सरकारच्या क आणि ड गटांत माजी सैनिकांना पंधरा टक्के आरक्षण आहे. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या क गटाच्या नोकऱ्यांत पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. काकांना हे नियम पाठ होते. पण जाहिरात कधी निघते, अर्ज कुठं द्यायचा, वयाची सवलत कशी मोजायची, हे पलटणीत असताना कुणी बसवून सांगितलं नव्हतं. एका कार्यालयात तर त्यांना ऐकवलं गेलं की तुम्हाला पेन्शन आहे ना, मग गरिबाच्या पोटावर का येता? शेवटी एका बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन स्टुलावर बसायचं काम मिळालं. गनमॅन. बारा वर्षं ते त्या स्टुलावर बसले. आत काउंटरवर पेन्शनचे अर्ज चुकीचे भरले जात होते, विधवा परत पाठवल्या जात होत्या. बाहेर पेन्शनचे नियम तोंडपाठ असलेला माणूस बंदूक धरून बसला होता, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

आजचं हे चित्र मला सगळ्यात जास्त सलतं. फौज माणसाला किती प्रकारची कामं शिकवते! वायरलेस, वीज, पूल बांधणं, गाड्या दुरुस्त करणं, पाचशे माणसांचा लंगर चालवणं, जखमी माणसाला दवाखान्यापर्यंत जिवंत ठेवणं. आणि बाहेर आल्यावर आपण त्या सगळ्यांना एकच काम देतो, गेटवर उभं राहण्याचं. सोसायटीचं गेट, एटीएम, कारखाना, हॉस्पिटल. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळ घरं त्यावर चालतात, राज्याचं माजी सैनिक महामंडळ मेस्को हजारोंना त्यातूनच रोजी देतं. पण आजोबांना एका साहेबानं घाटात नेऊन विचारलं होतं, तुला काय येतं दाखव. हा प्रश्न काकांना कुणी विचारला नाही. मेडल, मिशा आणि बंदूक एवढंच आपण बघतो, आणि त्यालाच आदर समजतो.

काकांना तो प्रश्न विचारला एका बाईनं, तोही नकळत. आमच्याच आळीतल्या एका म्हाताऱ्या फौजीचं निधन झालं. त्याची बायको कुटुंब निवृत्तिवेतनासाठी गेली तर तिला सांगितलं की रेकॉर्डमध्ये या माणसाच्या बायकोचं नाव दुसरंच आहे. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. फौजेच्या कागदात भोळ्या नवऱ्यानं तिचं माहेरचं नाव लिहून दिलेलं, आधारकार्डावर सासरचं. जन्मतारखा दोन्हीकडं वेगळ्या, कारण दोन्ही अंदाजानंच घातलेल्या. पन्नास वर्षं संसार केलेली बाई कागदावर परकी ठरली. ती आमच्या ओसरीवर आली आणि काकांना म्हणाली, ‘भाऊजी, मी हाय का न्हाई ते तुम्हीच लिवून द्या.’

काकांनी त्या दुपारी जी फाईल उघडली ती मी जवळून पाहिली. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तिच्या माहेरच्या गावच्या शाळेचा दाखला. तिसरीतून शाळा सोडलेली, म्हणून तो मिळाला. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा आणि ग्रामसेवकाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद. प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक. वर एक पत्र, नियमाचा आधार देऊन, आणि शेवटी रेकॉर्ड ऑफिसच्या नेमक्या विभागाचं नाव. महिने गेले. मग थकबाकीसह पेन्शन जमा झालं. ती बाई घमेलंभर शेंगा घेऊन आली आणि तिनं आळीभर सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोघी आल्या, मग शेजारच्या गावच्या. बँकेचं स्टूल सुटल्यावर काकांनी समाजमंदिरात टेबल टाकलं. रविवारी सकाळी दहा ते एक. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यांची गर्दी होते. ‘स्पर्श’ ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आल्यापासून म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, मोबाइल नंबर मुलाच्या नावावर असतात आणि मुलगा पुण्यात असतो. ईसीएचएस या आरोग्य योजनेचं कार्ड, एक पद एक पेन्शनच्या फरकाचा तक्ता, घरपट्टीच्या माफीचा अर्ज, मुलीला साताऱ्याला शिकायला ठेवायचं तर सैनिकी वसतिगृहाचा अर्ज. काकांच्या टेबलापाशी या सगळ्याला उत्तर असतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भली माणसं मी पाहिली आहेत. पण जिल्ह्याच्या गावाला जायचं तर गुडघे दुखणाऱ्या बाईची अर्धी मजुरी आणि एक दिवस जातो. टेबल गावात असलं पाहिजे, आणि टेबलाच्या पलीकडं बसणारा त्यातून गेलेला असला पाहिजे. सरकारनं दर पाच-दहा गावांमागं अशा एका निवृत्त क्लार्कला मानधन देऊन बसवलं, तर सात डिसेंबरच्या ध्वजदिनाला जमणाऱ्या पैशाचा याहून चांगला विनियोग मला तरी सुचत नाही. १९४९ पासून आपण हा दिवस पाळतो. शाळेत मी ते छोटे तिरंगी ध्वज छातीला लावले आहेत: लाल, गडद निळा आणि फिका निळा. ते पैसे कुणाच्या घरी पोचतात हे मुलांना समाजमंदिरात आणून दाखवावं.

आता काकांची काळजी नव्या पोरांची आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, शंभरातल्या पंचवीस जणांना पुढं कायम करायचं, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. जाहीर झालेला आकडा होता सुमारे पावणेबारा लाखांचा. पेन्शन नाही. लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली, म्हणजे २०२६ संपता संपता परतणारी पोरं बावीस-पंचवीस वर्षांची असतील. काकांना अडतिसाव्या वर्षी म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर बसवणारं गाव या पोरांना कुठं बसवणार? योजना बरी की वाईट यावर ओसरीवर कडाक्याची भांडणं होतात. सुभेदारसाहेब एका बाजूला, काका दुसऱ्या. पण पोरं येणार यावर दोघांचं एकमत आहे, आणि म्हणून दोघांनी मिळून वही केली आहे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक अग्निवीराचं नाव, त्याचं काम, कुठला कोर्स केला, बारावीचं समकक्ष प्रमाणपत्र मुक्त विद्यालयाकडून घेतलं का, विद्यापीठाच्या पदवीसाठी नाव नोंदवलं का. पैशाच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: स्लॅब नको, गाडी नको, आधी एक वर्ष बँकेत.

काकांचा नातू सिग्नलमध्ये आहे. मागच्या वेळी तो रजेवर आला तेव्हा मी तिथं होते. काका त्याच्यासमोर वही उघडून बसले आणि विचारलं, ‘तुला काय येतं?’

‘सगळं येतं, आबा.’

‘सगळं म्हणजे काय ते लिहायला जागा नाही. एकेक सांग.’

पोरगं लाजलं, मग बोलू लागलं. तुटलेली ऑप्टिकल केबल जोडता येते, काचेचा धागा केसासारखा असतो, तो कापायला वेगळं हत्यार लागतं, वाऱ्यात आणि थंडीत हात थरथरत असताना जोडावा लागतो. जनरेटर चालवता येतो. बर्फात टॉवरवर चढता येतं. काका लिहीत गेले. पान भरलं. उलटवलं.

‘याची प्रमाणपत्रं?’

‘दोन आहेत. एका कोर्सचं मागितलं नाही.’

‘युनिटला परत गेलास की पहिल्यांदा ते मागून घे. युनिटमधून सुटल्यावर मागशील तर वर्ष जाईल, मी वीस वर्षं तेच बघितलंय. आणि उद्या सकाळी साडेनऊला तयार राहा. साताऱ्याला केबलची कामं घेणारे दोघं जण आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय.’

‘आबा, मला सुटायला अजून दीड वर्ष आहे.’

‘म्हणून तर आत्ता जायचं. त्यांना काय लागतं ते तू विचार, म्हणजे दीड वर्षात तेवढं शिकून येशील. मी बरोबर येईन, पण आत गेल्यावर बोलणार नाही. तुझ्या तोंडानं सांग.’